चौदावी खुर्ची

प्रिय प्रेबेन,

काल बागेत माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "उद्या आईला सगळं सांगतो." म्हणून आज दुपारी तुमच्या आईसाहेबांनी मला जेवायला खाली बोलावलं, तेव्हा मला वाटलं, तुम्ही सांगितलंत. तुमच्या पुतणीचा धडा अर्धवट टाकून मी माझ्या आईची लेसची कॉलर लावली. थीरा खिदळत म्हणाली, "अय्या बाई, नवरीच दिसताय की!"

खाली गेल्यावर कळलं, कर्नल आले नव्हते म्हणून पंगतीला तेराजणच झाले होते. तेराचा अपशकुन नको म्हणून चौदावी मी.

सूप वाढलं जात होतं, तेवढ्यात उशीर झालेले कर्नल आले. आईसाहेब हसून म्हणाल्या, "होल्मबाई, सुटलात हो तुम्ही! जा, थीरा वाट बघत असेल."

बाईमाणूस टेबलावरून उठलं की पुरुषांनी उभं राहायचं, हा तुमच्याकडचा रिवाज. माझ्यासाठी कुणी हललं नाही. तुम्ही मात्र अर्धवट उठलात. आईसाहेबांनी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही रुमाल सावरत खाली बसलात.

मी "आभारी आहे" म्हणून निघाले. जिना चढताना मला चक्क आनंद होत होता, निदान अर्धे तरी उठलात! त्या अर्ध्या उठण्यावर मी अख्खं आयुष्य काढायला निघाले होते. मला लाज वाटते ती याची.

उद्या सकाळच्या गाडीने मी जातेय. हे पत्र तुमच्यासाठी ठेवणार नाही. ठेवलं, तर तुम्ही याल म्हणून प्रत्येक वळणावर मागे बघत बसेन.

थीराची शिक्षिका,
अबेलोना होल्म