पिंपळकट्ट्याचा बेलभंडार

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कोल्हापूर,
दि. ११ जून १९७८

तीर्थस्वरूप गणपतराव दाजी यांस,

आकारामचा शि. सा. न. वि. वि. इकडे सर्वांची प्रकृती बरी आहे. यंत्रमागांच्या आवाजाने तुमचे कान गेल्यापासून समोर बसून ओरडण्यापेक्षा पत्र बरे, असे तुम्हीच म्हणालात, म्हणून सविस्तर लिहितो.

चि. बाळासोची काळजी आक्काने करू नये. आठवीला तो माझ्याकडे राहायला आला त्याला आता दहा वर्षे होतील. भाचा आहे हे मी विसरतो आणि मामी तर केव्हाच विसरली. लेथवरचे हंगामी काम सुरू आहे, संध्याकाळी तालीम.

आमच्या पिंपळकट्टा तालमीचा फुटबॉल हंगाम संपला. शेवटच्या सामन्यात वरच्या वेशीच्या तालमीने आम्हाला टायब्रेकरवर हरवले हे तुमच्यापर्यंत आले असेल, नसेल तर तुम्ही सुखी आहात. आता पावसाचे चार महिने चेंडू बंद आणि तोंडे सुरू. कट्ट्यावर रोज नवा संघ बांधला जातो आणि रोज मोडतो. गेल्या वर्षी वरच्या वेशीने नोकरी दाखवून आमचा सेंटर हाफ नेला. यंदा त्यांची नजर पुढच्या फळीवर आहे. मी अध्यक्ष सयाजीरावांना माझे मत सांगितले. गोलकीपरचे गुडघे राहिलेले नाहीत, त्याला मानाने घरी बसवा. पण सेंटर फॉरवर्ड बाळासो आणि आपला लेफ्ट आऊट ही जोडी फोडू नका. बाळासो मान न वळवता चेंडू सोडतो आणि दुसरा तिथे पोचलेला असतो. पाच वर्षे शेजारी खेळल्यावर हे येते, बाहेरून आणता येत नाही.

खेळाडू पळू नयेत म्हणून काल शनिवारी मी एक काम केले. तालमीचा सेक्रेटरी या नात्याने मारुतीपुढे अकराही जणांना बेलभंडार उचलायला लावला. इतर तालमींत तो एका हंगामापुरता उचलतात. मला त्या वेळी भरून आले आणि ‘पायात बळ आहे तोवर दुसऱ्या तालमीची जर्सी अंगात घालणार नाही’ असे शब्द माझ्या तोंडून गेले. बाळासोला मी पहिला पुढे केला, म्हणजे मागचे आढेवेढे घेणार नाहीत. त्याने हातावर बेलपान आणि भंडारा घेऊन ते शब्द जसेच्या तसे म्हटले. मला फार समाधान वाटले.

आक्काला नमस्कार सांगावा. माया आहे तशीच असू द्यावी.

आपला
आकाराम


कबनूर,
दि. २३ जून १९७८

रा. रा. आकारामराव पाव्हणं यांस,

गणपतरावाचा रामराम वि. वि. पत्र पोचलं. तुमची आक्का वाचून दाखवती म्हणाली, पण मला ऐकू येत न्हाय, तवा मीच वाचलं. तुम्ही हरला म्हणून वाईट वाटलं असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं.

बेलभंडाराचं मात्र पटलं न्हाय. आमच्याकडं माग चालवणारा गडी दिवाळीनंतर एका शेडातनं दुसऱ्या शेडात जातो. दोन दिवस शिव्या होतात, तिसऱ्या दिवशी जुना मालक आणि तो एकाच टपरीवर च्या पितात. मधी देव येत न्हाय. खेळाडूनं तालीम सोडायची न्हाय, हे तुम्ही वदवून घेतलंसा. तालमीनं खेळाडूला सोडायचं न्हाय, असा भंडारा कुणी उचलला काय? का मारुतीला एकच बाजू ऐकवली? उत्तर द्या.

आक्का म्हणती, आकाराम चांगलं करायला निघाला की दोन शब्द जास्तीचे बोलतो, ल्हानपणापासनं खोड हाय. हे तिनं हातवारे करून सांगितलं, तवा खरंच असणार.

बाळासोच्या मामीला आशीर्वाद. राग मानू नये. मानलाच तर दोन दिवसांत सोडावा.

गणपतराव


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कोल्हापूर,
दि. ६ ऑगस्ट १९७८

तीर्थस्वरूप दाजी यांस,

शि. सा. न. वि. वि. तुमच्या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून इतके दिवस लिहिले नाही. आता उत्तर मिळाले आहे आणि ते चांगले नाही.

सयाजीरावांनी बेळगावहून नृसिंह नावाचा सेंटर फॉरवर्ड आणला. उंच आहे, डोक्याने चेंडू सुरेख मारतो, कन्नड बोलतो आणि चेंडू कोणत्याच भाषेत कुणाला देत नाही. माझे मत असे की हा माणूस हंगामात दहा गोल करील आणि दुसऱ्यांचे वीस घालवील. पण कट्ट्यावर पोरे त्याच्याभोवती अशी जमतात, जणू वळू बाजारात आला आहे.

मंगळवारी पाच जणांची कमिटी बसली. जागा एक आणि नावे दोन, नृसिंह आणि बाळासो. दोन मते इकडे पडली, दोन तिकडे. राहिलो मी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. भाच्याचे नाव घेतले असते तर मामाने काट्यावर बोट ठेवले असे झाले असते. मी नृसिंहाचे नाव घेतले. बाळासो राखीव खेळाडूंत गेला.

दाजी, तीस वर्षे मी गूळबाजारात तोलाईचे काम करतो. गुळाची ढेप काट्यावर चढली की हात पाठीमागे बांधून उभा राहतो. त्या दिवशी मापाला हात लावला असे कुणी म्हणू नये म्हणून मी उलट बाजूला हात लावला. तेही माप खोटेच झाले. आणि तालमीने त्याला बाजूला ठेवले तरी त्याचा शब्द आहे तिथेच आहे. पायात बळ आहे तोवर.

मी घरी येऊन त्याला सांगितले. जेवताना त्याने मामीकडून आमटी दोनदा मागून घेतली. नंतर रोजच्यासारखी जर्सी धुऊन दोरीवर वाळत घातली. तो भांडला असता तर मला बरे वाटले असते.

आक्काला हे कसे सांगावे ते तुम्ही ठरवा. आमच्यावरची कृपा कमी होऊ नये.

आपला
आकाराम


कबनूर,
दि. १९ ऑगस्ट १९७८

रा. रा. आकारामराव यांस,

रामराम. बाळासो इथं तीन दिवस राहून गेला. जेवला, झोपला, एक माग बिघडला होता तो दुरुस्त केला. तुमच्याविषयी वावगं एक अक्षर बोलला न्हाय. मी तोंडाकडंच बघत होतो, बोलला असता तर कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी वरच्या वेशीचा माणूस मोटरसायकलवरनं घरी आला. उद्यमनगरात फौंड्री चालवणारे कुणी त्यांच्या तालमीचे आश्रयदाते हायेत. बाळासोला तिथं कायम नोकरी देणार आणि पहिल्या सामन्यापासनं अकरात खेळवणार. खेळाडूंची नोंदणी तीस सप्टेंबरला बंद होती, त्याआधी पिंपळकट्ट्याच्या सेक्रेटरीच्या सहीचा मोकळीक कागद पाहिजे. म्हंजे तुमच्या सहीचा.

पोरानं काय करावं? त्या माणसाला च्या पाजला आणि सांगितलं, बेलभंडार उचललाय, जमणार न्हाय. मी ओरडलो. भैरा माणूस ओरडतो तवा गल्ली ऐकती, गल्लीनं ऐकलं. त्यानं मान खाली घातली आणि एस.टी. गाठली.

पाव्हणं, तेविसावं चालू हाय त्याला. लेथवरचं काम दसऱ्याला संपतंय. मग इथंच येणार, मागावर. माझे कान गेले, त्याचे जाऊ नयेत, एवढंच माझं मागणं. गाठ तुम्ही मारलीसा, तुम्हीच सोडवा.

आक्का म्हणती कडक लिहू नका, त्याला झोप लागायची न्हाय. मी लिहिलं. तिच्यासाठी म्हणून शेवटाला लिहितो, जिवाला जपा.

गणपतराव


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कोल्हापूर,
दि. २० सप्टेंबर १९७८

तीर्थस्वरूप दाजी यांस,

शि. सा. न. वि. वि. महिनाभर पत्र नाही याचा अर्थ मी स्वस्थ बसलो असा कृपा करून घेऊ नये.

तुमचे पत्र आले त्याच दिवशी सयाजीरावांकडे गेलो. ते म्हणाले, एकाला सोडले तर दहाजण दारात उभे राहतील, मग हंगामाचा नारळ कोणासाठी फोडायचा? तरी बघू. चार दिवसांनी गेलो, म्हणाले बघू. गणपती बसले, गणपती गेले, त्यांचे बघणे संपेना. मी बाळासोला जवळ बसवून म्हटले की तू जा, मी निस्तरतो. त्याने विचारले, मारुतीला विचारलंत का? दहा वर्षे दर शनिवारी त्याला बोटाला धरून मारुतीला नेणारा मीच.

शेवटी परवा तालमीच्या गुरवाकडे गेलो. तो म्हणाला, मार्ग आहे. ज्याने हातावर भंडारा ठेवला त्यानेच देवापुढे तो परत घ्यावा, नारळ फोडावा, दोष आपल्याकडे मागून घ्यावा. मला हलके वाटले. मग त्याने पंचांग उघडले. पितरांचा पंधरवडा सुरू झाला आहे, या दिवसांत हे होत नाही. घट बसल्यावर या, म्हणाला. घट तीन ऑक्टोबरला बसतात. नोंदणी तीस सप्टेंबरला बंद होते. सयाजीराव ‘बघू’ म्हणत राहिले ते हे दिवस येईपर्यंत की काय, असे मनात येते आणि असे मनात आल्याची लाज वाटते.

रोज पहाटे अंबाबाईला जातो. पण मागायचे काय? दिलेला शब्द मोडू दे म्हणून मागावे, की भाच्याचे भले कर म्हणून? हात जोडतो आणि काही न मागता परत येतो.

दहा दिवस आहेत. मी काहीतरी करीन. तोवर मनातून उतरवू नये.

आपला
आकाराम


कोल्हापूर,
दि. १ ऑक्टोबर १९७८

तीर्थस्वरूप दाजी यांस,

शि. सा. न. काल नोंदणीचा शेवटचा दिवस होता. जे झाले ते जसे झाले तसे लिहितो.

सकाळी स्नान करून नारळ घेतला आणि तालमीत गेलो. शनिवार म्हणून सात-आठ माणसे होती, सयाजीरावही होते. गुरवाने माझ्या हातातला नारळ पाहिला आणि पाठ फिरवून बाहेर जाऊन बसला. मी स्वतःच फोडला. पितरांचे दिवस आहेत हे मला ठाऊक होते. देवाला म्हटले, वेळ चुकीची आहे, शब्दही माझाच चुकला होता, दोन्हींचा दोष माझ्याकडे दे, पोराकडे नको. मग मोकळीक कागद लिहिला, सही केली, शिक्का मारला. सयाजीराव एवढेच म्हणाले की आकारामराव, गल्लीत राहायचे आहे तुम्हाला.

बाळासो कोपऱ्यात उभा होता. कागद त्याच्या हातात दिला. त्याने पूर्ण वाचला, घडी घातली आणि सगळ्यांसमोर बोलला, “मामा, मागच्या धाजणांनी माझं बघून उचललाय. त्यास्नी कोण सोडवायचं?”

मी म्हणालो, त्यांनाही सोडतो. सयाजीरावांनी टेबलावरचा शिक्का उचलून खिशात घातला.

बाळासोने कागद मारुतीच्या पायाशी ठेवला आणि बाहेर पडला.

वरच्या वेशीचा मोटरसायकलवाला गल्लीच्या तोंडाशी सहा वाजेपर्यंत, म्हणजे नोंदणी बंद होईपर्यंत, उभा होता. मी तो कागद उचलून बाळासोला शोधत सगळीकडे फिरलो, मैदानावर, रंकाळ्यावर, लेथच्या दुकानात. तो घरीच होता. मामीसमोर बसून गहू निवडत होता. मला पाहून म्हणाला, मामा, खडे फार निघतात या गव्हाला, दुकान बदला. तेव्हा सव्वासहा झाले होते.

दाजी, मी त्याला पहिला पुढे केला नसता, पाचवा-सहावा केला असता, तर आज तो सुटला असता. त्या दिवशी मला ती हुशारी वाटली होती.

लिहवत नाही. सांभाळून घ्यावे.

आकाराम


कबनूर,
दि. १५ ऑक्टोबर १९७८

रा. रा. आकारामराव यांस,

रामराम. बाळासो दसरा करून इकडं आला. परवापासनं मागावर जातोय. शनिवार-रविवार सरावाला तिकडं येत जाईल म्हणतो. राखीव तर राखीव, नाव हाय तवर हजर राहायला पाहिजे म्हणतो.

मी त्याला दोन दिवस शिव्या दिल्या. तो ऐकून घेतो, हेच वाईट. कानात घालायला कापूस दिला तर हसला आणि घातला.

तुमच्यावर माझा राग न्हाय. तुम्ही माझ्या पोराला थोडं खोटं बोलायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असं बापानं लिहू नये, पण लिहितो. आक्काला हे वाचून दाखवलेलं न्हाय.

शनिवारी तो येईल, त्याला पोटभर जेवू घाला. येणं-जाणं तुटू देऊ नका.

गणपतराव


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कोल्हापूर,
दि. ४ डिसेंबर १९७८

तीर्थस्वरूप दाजी यांस,

शि. सा. न. वि. वि. काल आमचा पहिला सामना झाला. तीन-एकने जिंकलो. नृसिंहाने दोन गोल केले, लोकांनी त्याला खांद्यावरून गल्लीत आणला. माझे मत तूर्त चुकले आहे. मात्र आमच्या लेफ्ट आऊटने दोनदा न बघता चेंडू मधे सोडला आणि तिथे कुणी नव्हते. लोक त्याला हसले. बाळासो बाकावरून उभा राहिला आणि परत बसला.

आक्काने चिठ्ठीत विचारले आहे की त्याला कधी घेतील. खरे लिहितो, जिंकत आहेत तोवर घेणार नाहीत. दुसऱ्या अर्ध्यात वरचेवर आमच्या गोलावर चेंडू येत होता, तेव्हा माझ्या मनात आले की गेला तर जाऊ दे. वयाच्या अठराव्या वर्षापासून या तालमीसाठी मारुतीला तेल घालतो आहे. आता शनिवारी समई लावतो आणि लगेच मागे सरतो, काही मागितले जाऊ नये म्हणून.

सामन्याआधी रेफ्रीला खेळाडूंची यादी द्यावी लागते. ती सेक्रेटरीने लिहायची. अकरा नावे झाली की खाली आडवी रेघ मारायची आणि रेघेखाली राखीव. रेघेखाली पहिले नाव त्याचे येते. काल लिहिताना तो शेजारीच बुटाची नाडी बांधत होता. माझा हात थांबलेला पाहून म्हणाला, मामा, लिहा, उशीर होतोय.

यादीचे काम दुसऱ्या कुणाला द्या, असे मी रात्री सयाजीरावांना सांगितले. ते म्हणाले, तुमच्यासारखे अक्षर तालमीत कुणाचे नाही. येत्या रविवारी पुन्हा सामना आहे.

आक्काला नमस्कार. आम्हा दोघांवरची माया आवरती घेऊ नये.

आपला
आकाराम