पाच गजर आणि एक गाठ

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून नवा माणूस. काल उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं : दिवसातून पाच वेळा थांबा, श्वास घ्या, समोर काय आहे ते नीट बघा आणि त्याबद्दल प्रभूचे आभार माना. भीती जवळ फिरकणार नाही. मला मुळात भीती वाटतच नाही, पण मंडळीत कुणीतरी उदाहरण घालून द्यायला हवं. मोबाइलवर पाच गजर लावले. नीट बघणं मला कुणी शिकवायला नको. सव्वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय.

४ फेब्रुवारी. सकाळी ७
पहिला गजर दाढी करताना झाला. थांबलो. श्वास घेतला. आरशात नीट बघितलं. कानाखाली गाठ.
उरलेले चार गजर बंद केले.

त्याच दिवशी, दुपारी
घाबरलेलो नाही. आरशावर टॉवेल टाकलाय तो धूळ बसू नये म्हणून. उद्यापासून दाढी वाढवायची, म्हणजे तिकडे हात जायला नको. पवित्र शास्त्रातल्या बहुतेक मोठ्या माणसांना दाढी असणारच. बायकोला सांगायचं नाही. उगाच घाबरेल.

६ फेब्रुवारी
गजर पुन्हा लावले. नियमात सुधारणा : स्वतःचं शरीर सोडून बाकी सगळ्याकडे लक्ष द्यायचं. आभार : खिडकी. गरम पाणी. उजवी चप्पल. (डावीचा पट्टा तुटलाय.)
परवा वाटाण्याएवढी होती, आज लिंबाएवढी लागली. कॅलिपरने मोजणार होतो. आकडा कळून तरी काय करायचंय? ठेवून दिला.

८ फेब्रुवारी, शनिवार. वर्कशॉप
बायको डबा घेऊन आली. मोठा काटा जुळवून झाला की तिला वर उभं करायची माझी जुनी पद्धत. ती बासष्ट किलो. वर्षानुवर्षं बासष्ट. आज काट्याने चोपन्न दाखवले. आठ किलोंची चूक! माझ्या हातून! ती म्हणाली, काटा बरोबर असेल. काट्यातलं मला शिकवू नकोस, असं सांगून तिला घरी पाठवलं आणि दुपारभर काटा खोलून बसलो. प्रमाण वजनं ठेवली की आकडा बरोबर येतो. म्हणजे वजनंच बिघडलीयत. तपासायला पाठवली.
दोन गजर वाजून गेले, लक्ष नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार
पाळकसाहेबांनी विचारलं, कसं चाललंय. म्हटलं, झकास. मग पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून तुमच्या अनुभवाची साक्ष द्या म्हणाले. विषय : कृतज्ञतेतून निर्भयता. हो म्हणालो.
उपासनेत गीत सुरू झालं तरी बायको उभी राहिली नाही. चारही कडवी बसून म्हटली. चार माणसं बघतात. घरी आल्यावर बोललो. पाय दुखत होते म्हणाली. माझं काय काय दुखतंय, मी बोलतो का?

१२ फेब्रुवारी
वजनं तपासून आली. बिनचूक. मग आठ किलो गेले कुठे? डोकं चालत नाही.
तिसऱ्या गजराला डोळे मिटले तर माझा अंत्यविधीच दिसला. गर्दी बरी होती. पाळकसाहेब माझं वय चुकीचं सांगत होते. घाम फुटला. आभार : पंखा.
बायको काल परत बहिणीकडे. हा सलग दुसरा मंगळवार. इकडे नवरा मरणाच्या दारात आणि हिला बहीण सुचते. (तिला सांगितलेलं नाही, हे खरं. पण चेहऱ्यावरून ओळखायला नको?)

१६ फेब्रुवारी, रविवार
साक्ष झाली. कागदावर चौतीस आभार होते. खिडकी झाली, गरम पाणी झालं आणि खिशात गजर वाजला. थांबलो. श्वास घेतला. हात सरळ गाठीवर गेला. मला मरायची फार भीती वाटते, असं माइकवर बोलून गेलो. मग रडू आवरेना. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू करायला लावलं.
घरी बायकोला गाठ दाखवली. तिने बराच वेळ बोट ठेवलं. म्हणाली, मंगळवारी जाऊ, बाई मंगळवारी असतात. हिला डॉक्टरांचे वार कसे पाठ?

१८ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ
डॉक्टरीणबाईंनी गाठ दोन बोटांत धरली. चरबीची आहे म्हणाल्या, निरुपद्रवी. बायको म्हणाली, ही आमच्या लग्नाच्या फोटोतही दिसते. मी इतक्या मोठ्याने हसलो की बाहेरच्या बाकावरचे लोक वाकून बघायला लागले. प्रभूचे आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई बायकोला म्हणाल्या, आता तुम्ही काट्यावर उभ्या राहा, गेल्या मंगळवारपेक्षा किती ते बघू.
तो काटा गेल्या महिन्यात मीच जुळवून दिलाय. त्रेपन्न.
रिपोर्ट तिच्या पर्समध्ये होते, चार घड्या घालून. उद्या मोठ्या दवाखान्यात आणखी एक टेस्ट आहे. बहिणीकडे ती गेलीच नव्हती. येताना विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तुम्ही घाबरता.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ६.१०
गजर झाला. थांबलो. समोर ती केस विंचरत बसली होती. गळ्याची हाडं वर आलीयत. ब्लाउज सैल होतो म्हणून मागे सेफ्टी पिन लावलीय. पिनेच्या जागी कापडावर गंजाचा डाग पडलाय. म्हणजे किती दिवस?
आभार सुचेनात. प्रभू, मला भीती वाटते, एवढंच म्हटलं.
ती म्हणाली, ते वाजणं बंद करा आणि आवरा, उशीर होईल.
पाचही बंद केले.