कुणाली मराठीच्या तासालाच का चावते

ती. दाजींना वैशाखऱ्याजवळच्या आमच्या वाडीतून जयरामचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि कमळताईची साखर, दोन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करतो. (साखर वर गेली असेल तर ताईला विचारू नका, लाडवांचा डबा बघा.) इकडे भात झोडून झालं, भेंडी लावली. आमच्या घरातल्या तिघांपैकी दोघांच्या तब्येती बेताच्या आहेत. तिसरीची फारच ठणठणीत आहे, म्हणून तर हे पत्र.

तिसरी म्हणजे तुमची भाची, आमची कुणाली. चौथीत गेल्यापासून पोरगी हाताबाहेर गेली. आधी तिने शेजारच्या बाकावरच्या भावेशच्या दंडाला चावा घेतला. मग एक दिवस अकरालाच मधल्या सुट्टीची घंटा वाजवली. सगळी शाळा ताटं घेऊन बाहेर, आणि खिचडी करणाऱ्या धोंडीबाईंचं तर अजून आधणसुद्धा आलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला ती शाळेमागच्या जांभळीवर चढून बसली ती उतरेचना. मला शेतातून बोलावून आणलं. मी खाली उभा राहून आधी दम दिला, मग गोड बोललो, शेवटी स्वतःच वर चढलो, तेव्हा ती दुसऱ्या बाजूने उतरून घरी निघून गेली. (मला उतरवायला शिडी आणावी लागली. जयश्री म्हणते हे पत्रात नको, पण तुम्हाला कुठूनतरी कळणारच.)

आम्ही सगळे उपाय केले. मीठमिरच्या ओवाळल्या, गुळवेलीचा काढा पाजला, मोबाइल बंद केला. काढा तिने आवडीने प्यायला. वाडीतली माणसं बोलायला लागली तेव्हा मी चिडून तिला लांबच्या वसतिगृहात टाकायचं ठरवलं. जयश्री दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. फॉर्मही आणला होता दाजी, खोटं कशाला सांगू.

दाखला मागायला शाळेत गेलो तर नम्रताबाईंनी मला बसवून पाणी दिलं. या बाई यंदाच आल्यात, कल्याणहून येऊन-जाऊन करतात. त्या म्हणाल्या, चावा, घंटा, जांभूळ, तिन्ही मराठीच्या तासाला झालं. उभं राहून वाचायची पाळी हिच्या बाकाजवळ आली की काहीतरी घडतं. गणिताच्या तासाला पोरगी गाईसारखी गरीब. आधी डोळे तपासून आणा, मग दाखल्याचं बघू.

म्हणून तिला मुरबाडला नेलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवली. कुणालीने वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं धडाधडा म्हणून दाखवली. मी मनात म्हटलं, बघा, पोरगी वाचते तर. पण डॉक्टरांची छडी तिसऱ्या ओळीवरच होती. त्यांनी तक्ता उलटवला. मागे वेगळी अक्षरं होती, तरी हिने पहिलीच सगळी पुन्हा म्हटली. आमच्या आधी एक आजोबा मोठ्याने वाचून गेले होते, ते तिने बाहेर बसून पाठ केलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळे घारीचे आहेत, कान त्याहून चांगले.

एसटीची वाट बघत बसलो होतो. मी रागावलो नाही, नुसतं विचारलं, असं का केलंस. ती चपलेकडे बघत म्हणाली, "बाबा, अक्षरं एका जागी राहत नाय. वाचाया उठले का सगली हसतात. मारामारी केली तर बाई भायेर काढतात, मंग वाचावं लागत नाय."

दाजी, गाडी आली आणि गेली. मी उठलो नाही.

आता वसतिगृहाचं नाव काढत नाही. तो फॉर्म चुलीत गेला. बाई तिला वर्गापुढे उभं करत नाहीत. पुठ्ठ्याला खिडकी पाडून दिली आहे, त्यातून एका वेळी एकच ओळ दिसते. ताटात कोंडा पसरून बोटाने अक्षरं गिरवतात. परवा तिने भावेशला चार ओळी वाचून दाखवल्या. त्याला एक तास लागला ऐकायला, पण बसला बिचारा. (चावलेला दंड आठवत असेल.) चावणं थांबलं आहे. झाडावर अजून चढते, पण आता मराठी सोडून इतर वेळी.

ताईला नमस्कार.

तुमचा,
जयराम

ता. क. बाई म्हणतात, घरी रोज अर्धा तास कोणीतरी न चिडता जवळ बसायला हवं. जयश्री बसली तर तिसऱ्या दिवशी ताट अंगणात गेलं. तुम्ही छत्तीस वर्षं मास्तरकी केलीत, शहापुरात रिकामे बसून गुडघा कुरवाळता. दोन महिने येऊन राहा.

ता. क. २. मी पाचवीत शाळा सोडली ती गुरुजींच्या सायकलची हवा काढली म्हणून, असं तुम्हाला ताईने सांगितलं असेल. हवा मीच काढली. त्या दिवशी धडा वाचायची पाळी माझी होती. दर दिवाळीला तुम्ही मला पुस्तक देता आणि मी छान होतं म्हणतो, त्यातलं एकही मी वाचलेलं नाही. मला येत नाही, दाजी. तुम्ही आलात की ताटात कोंडा जरा जास्त पसरा.

ता. क. ३. मी जयश्री. पत्र यांनी सांगितलं, मी लिहिलं. खालची ओळ यांची आहे, मी हात लावलेला नाही. कुणालीने शेजारी बसून पुठ्ठा धरला होता.

दजी या