निळ्या पाण्याचा कॅन

॥ श्री ॥

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
रविवार, ता. २१ सप्टेंबर १९८६

प्रिय बळवंत,

नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही सगळे ठीक आहोत, मनोरीत तुम्हीही ठीक असाल असं धरून लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? मालनने तुझ्यासाठी परवाच निर्गुडीचं तेल करून ठेवलंय, पण पाठवायला माणूस मिळाला नव्हता.

नव्या खोलीतला हा पहिला गणपती. सेक्टरमधल्या निम्म्या घरांना अजून प्लास्टर नाही, तरी आरतीला दार भरून माणसं यायची. जयाने मखर केलं, चांगलं झालं होतं. तू आला नाहीस. मालन म्हणाली, "बळवंतभावजी कसे नाही आले?" मी म्हटलं, नारळी पौर्णिमा झाली, आता त्याला कुठली सवड, बोट बाहेर असेल.

घरातल्या त्या दोन माशांचं पुढे लिहितो.

कारखान्यात काम आहे. शेठ हल्ली माशांच्या काचेच्या पेट्यांपेक्षा दुकानांचे शोकेस जास्त करून घेतात. काच कापताना हात अजून हलत नाही, ही देवाची कृपा.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, म्हणजे मी ती विसरलो असं तुला वाटायला नको. गिरणीचा संप लांबला तेव्हा तू मला घरी नेऊन जाळी विणायला बसवलंस. मी माळकरी, आणि तुमच्या घरात कालवणाशिवाय चूल पेटत नाही. वहिनींनी माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं, त्याच्या कानाला लाल चिंधी बांधली. तुझ्या आईने एकदा चुकून त्यात बोंबील घातले, तर वहिनी नवं पातेलं घेऊन आल्या. "भावजींच्या माळेला बाट नको." तू म्हणायचास, "आमच्या घरात एकच बामण, तो पण कुडाळचा मराठा." ते जेवण माझ्या अंगात आहे. म्हणूनच तुझा शब्द तपासून बघावा असं माझ्या मनात कधी आलं नाही.

शेठनी ते दोन मासे मला दिले तेव्हा तूच घरी आला होतास. बोटाएवढे, हिरवट निळे, अंगभर केशरी ठिपके, डोळ्यांच्या वर एक काटा आणि पुढे निघालेलं नाजूक तोंड. कातडी कानशीसारखी खरखरीत म्हणून शेठ त्यांना फाईलफिश म्हणतात. शेठ म्हणाले होते, घेऊन जा, हे चार दिवसांचे सोबती, जिवंत पोवळ्याशिवाय काही खात नाहीत. तू पेटीपुढे बसून हसलास. "माळकरी माणूस आणि घरात मासे. फोडणी कोण देणार रे?"

पण सोय तूच केलीस. तिसऱ्यांच्या शिंपल्यांतलं मांस वाटून मेलेल्या पोवळ्याच्या भोकांत दाबायचं, म्हणजे माशाला ते पोवळंच वाटतं, ही युक्ती तुला सुचली. वाटण वहिनी डब्यातून पाठवायच्या. मी नुसतं चमच्याने दाबायचो आणि हात धुऊन देवापुढे बसायचो. पहिल्यांदा तो मासा पोवळ्याजवळ आला, थांबला, आणि टोचून टोचून खायला लागला, तेव्हा मालनसुद्धा पोळपाट सोडून बघायला आली. विसावा घ्यायचा झाला की दोघं पोवळ्याची एकेक फांदी तोंडात धरायचे आणि तशीच स्थिर राहायचे. मला ते बघून नामस्मरणाची आठवण व्हायची. एक धरायचं आणि सोडायचं नाही. तुला हे सांगितल्यावर तू हसला नव्हतास, ते मला फार बरं वाटलं होतं.

आणि पाणी तू द्यायचास. किनाऱ्याचं पाणी यांना चालत नाही, बोट पार बाहेर जाते तिथलं निळं पाणी लागतं. दर पंधरवड्याला वहिनींच्या टोपल्यांबरोबर टेम्पोतून दोन कॅन यायचे. पहिला कॅन तू स्वतः आणलास, पाण्यात हाताचं बोट घालून चाखलंस आणि म्हणालास, "एकवीरेची आण, याच्यात खाडीचा थेंब नाय." मी तेव्हाच म्हटलं होतं, पाण्यासाठी देवीला कशाला मध्ये घालतोस.

शिमगा झाला आणि मासे उतरत गेले. ठिपके फिकट पडले, पोट आत गेलं, पोवळ्याकडे यायचे आणि नुसतेच मागे फिरायचे. मी तुला बोलावून घेतलं. वैशाखातली ती दुपार तुला आठवत असेल. तू पेटीकडे बघितलंस. मग म्हणालास, "वाटण शिळं पडतं रे. तिसरी जिवंत फोडून तिथल्या तिथे दिली पाहिजे. तू हात लावत नाहीस म्हणून हे असं होतंय."

मी म्हटलं, "बळवंत, माझ्या गळ्यात काय आहे ते बघ."

तू म्हणालास, "मग मरू दे दोघांना. देव पण बघतो ना, खायला फोडतोस की जगवायला."

दुसऱ्या दिवशी तू तिसऱ्या घेऊन आलास. सुरी कुठून घालायची, कशी फिरवायची, ते माझा हात धरून दाखवलंस. मी मान फिरवली तर म्हणालास, "बघून कर, नायतर बोट कापशील." बघून केलं. शिंपल्याचं तोंड उघडलं तेव्हा आत काहीतरी आक्रसलं, ते मला सुरीतून हाताला कळलं. त्या दिवसापासून रोज केलं. मालन मोरीकडे पाठ करून उभी राहायची. माळ उतरवून करावं असंही एकदा मनात आलं, पण देवाला फसवल्यासारखं होईल म्हणून गळ्यात ठेवूनच केलं.

आषाढात एक मासा गेला. बोटी बंद असल्या तरी पाणी आधीच भरून ठेवलंय असं तू म्हणाला होतास, ते मी खरं धरलं होतं. मला वाटलं, माझी सुरी अजून जड आहे, मन लागत नाही म्हणून हात नीट चालत नाही. दोष माझाच धरला. तुला तसं म्हणालोही. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास.

आता लिहायलाच हवं.

पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन झाल्यावर, मागच्या रविवारी मी पंचखाद्य घेऊन मनोरीला आलो होतो. कळवलं नव्हतं. मार्वेहून होडीने येऊन धक्क्यावर उतरलो तर पायऱ्यांवर वहिनी ओणव्या. शेजारी माझे दोन कॅन. जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून मगाने खाडीचं पाणी गाळून भरत होत्या. मग कागदाच्या पुडीतलं जाडं मीठ मूठभर आत टाकलं, कॅन हलवला आणि बोट बुडवून चाखलं. पावसाने खाडी आळणी झालेली, म्हणून मीठ. त्यांनी वर बघितलं, मी उभा होतो.

त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी कॅनचं झाकण लावलं. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "भावजी, आमची बोट शिमग्यालाच विकावी लागली. हे आता दुसऱ्यांच्या बोटीवर बर्फ फोडायला जातात. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला देवीची शपथ घातलीय." पंचखाद्य मी पायरीवरच ठेवलं आणि आलेल्या होडीनेच परत फिरलो. येताना कॅन तेवढे उचलून आणले. का आणले ते मलाही सांगता येणार नाही.

बोट गेल्याचं वाईट वाटलं रे. तुझ्या बापाची बोट. सांगितलं असतंस तर मी तुझ्या दारात येऊन बसलो असतो, जाळ्यांपाशी बसायचो तसा. पाण्याचंही मी समजून घेतलं असतं, तुला लाज वाटली असेल, एकदा खोटं भरलं की पुढचा कॅनही तसाच भरावा लागतो. पण वैशाखात पेटीपुढे बसलास तेव्हा मासे कशाने मरताहेत ते तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तू माझ्या हातात सुरी दिलीस. तुझं पाणी झाकायला तुला माझी माळ लागली. वहिनींनी ज्या माळेसाठी पातेलं बदललं, तीच.

दुसऱ्या माशाने आज सकाळी फांदी सोडली. तुळशीत पुरला. जया रडली, मालनने वरून माती सारखी केली. सुरी धुऊन माळ्यावर टाकली. माळ गळ्यात आहे, पण जप करायला बसलो की बोटांना शिंपलेच लागतात.

तेलाची बाटली आणि एक कॅन शेजारच्या चंद्रप्रकाशबरोबर पाठवतोय. त्याला काही विचारू नकोस, त्याला काही माहीत नाही. कॅन रिकामा नाही. त्या रविवारचं पाणी तसंच ठेवलंय. थेंबावरून तुला कळतं ना, पाणी बाहेरचं की खाडीचं? वहिनींना समोर बसव आणि त्यांच्यादेखत चाख. कुठलं आहे ते मोठ्याने म्हण, म्हणजे त्या शपथेतून सुटतील. मला कळवू नकोस.

गुडघ्याला तेल कोमट करून लाव.

‘तुझा’ लिहायला पेन टेकवलं होतं.

सहदेव