खालच्या खणातली ट्यूब

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. काळी साडी नेसले. हळदीकुंकवाला वीसेक बायका. नणंदबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनींचं बरंय. वर्षभर संक्रांत." हशा. सासूबाई पदराआड. मीही हसले. न हसून काय करणार होते?

पल्लवीला 'नणंदबाई' मी फक्त या वहीत म्हणते. माझ्या हळदीला ती सोळा वर्षांची होती. तेव्हा म्हणाली, "हळद वाया घालवू नका गं, दिसतच नाहीये." तेव्हापासून सासरी माझं नाव बुक्का. ओवी झाली, पल्लवी बघायला आली, पाळण्यात डोकावून तिचं पहिलं वाक्य: "छोटा बुक्का." आता ओवी सहा वर्षांची. या नावाला ओ देते.

२१ जानेवारी, रविवार

पल्लवीला बघायला मांजरी गावचे लोक आले. पसंत केली. मुलगा बरा वाटला, खाली मान घालून पोहे खात होता. उठता उठता मुलाची आई म्हणाली, "पोरगी नाकीडोळी नीटस हाय. लग्नापत्तूर जरा उजळंल."

पल्लवी दाराशीच होती, हातात ट्रे. चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला तेच ऐकवलं.

मला बरं वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू. चहा जरा जास्तच गोड लागला.

लग्न ६ मे.

२५ जानेवारी, गुरुवार

आज पल्लवी दुकानात आली. काका जेवायला गेले होते. (काका म्हणजे मेडिकलचे मालक. औषधं ते बघतात, क्रीम-पावडरचं काउंटर माझं.)

विश्रांतवाडीत माझं एवढंच नाव आहे. मॉलमधल्या महाग वस्तूचं नाव सांगा, मी तसंच काम करणारं स्वस्तातलं काढून देते. मेकअप काढायच्या पाण्याऐवजी बाळाचं तेल आणि कापूस. ओठांच्या नखऱ्याच्या डबीऐवजी साधी पेट्रोलियम जेली. कॉलेजच्या पोरी मैत्रिणींना घेऊन येतात.

पल्लवी म्हणाली, "वहिनी, पार्लरवाली सहा सिटिंग सांगतेय, आई नाही म्हणते. तुमच्याकडे त्याला काही पर्याय? पण रिझल्ट पाहिजे हं."

मी आधी बरोबर तेच दाखवलं. बिनवासाचं मॉइश्चरायझर, डॉक्टर लिहून देतात ते साधं सनस्क्रीन. रोज लाव, तीन महिन्यांत चेहरा तुकतुकीत होईल.

तिने ट्यूब उलटसुलट केली. "हे तुम्ही पण लावता ना?"

"हो."

"मग राहू द्या."

माझा हात खालच्या खणाकडे गेला. तिथे ती स्टेरॉइडची ट्यूब असते. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, असा नियम आहे. ओळखीच्यांना काका देतात. इस्त्रीवाल्याच्या बायकोला दिली होती. दिवाळीपर्यंत चेहरा लख्ख, दिवाळीनंतर भाजल्यासारखा. ती आता पदर ओढून फिरते. हे सगळं मला माहीत होतं. ट्यूब काउंटरवर ठेवताना माहीत होतं.

म्हटलं, "झोपताना लाव. उन्हात जाऊ नको." किती दिवस लावायची ते बोलले नाही. तिने विचारलंही नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

उजळली. खरंच. दोन आठवड्यांत दोन शेड. शेजारणी विचारायला लागल्या. सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "आमच्या सुनंला समदं कळतं. मेडिकलात हाय ती." सात वर्षांत पहिल्यांदा 'आमच्या'.

पल्लवीने दुसरी ट्यूब मागितली. आणून दिली.

२६ फेब्रुवारी, सोमवार

पल्लवी ओवीला स्कूटीवर बुधवार पेठेत घेऊन गेली. गणपती दाखवला, बांगड्या घेतल्या. परत आल्यावर माझ्या शेजारी पाटावर बसून मटार सोलू लागली. हे नवीन. मग खाली बघून म्हणाली, "वहिनी, मी तुम्हाला खूप बोललेय ना. त्या बाई तशा बोलल्या तेव्हा कळलं कसं लागतं ते. सॉरी."

"असू दे," म्हटलं.

सात वर्षं या शब्दाची वाट बघितली आणि आला तो आत्ता. आता मला तो नको होता. हिने तसंच राहायला हवं होतं, म्हणजे मला...

६ मार्च, मंगळवार

रंगपंचमी. गल्लीतल्या पोरींनी पल्लवीला गुलाल लावला. ती किंचाळत आत पळाली, नळाखाली तोंड धरून दहा मिनिटं. गाल लालबुंद. "आग होतेय, वहिनी." सासूबाई म्हणाल्या, "गोरं कातडं नाजूकच असतंय." अभिमानाने म्हणाल्या.

मी कॅलामाइन लावून दिलं. बोटांखाली कातडी लागली कागदासारखी.

१८ मार्च, रविवार

पाडवा. पल्लवीच्या हनुवटीवर पुटकुळ्या, गालांवर बारीक लव. उन्हात उभी राहिली की लालसर शिरा दिसतात. ती म्हणते, "लग्नाचं टेन्शन." मी म्हणते, "हो."

एक दिवस ट्यूब बंद ठेवली होती म्हणे, तर चेहरा पेटला. परत लावली, शांत झाला. "बघा, ट्यूबनेच बरं वाटतं."

आज बोलणार होते. शब्द जुळवूनही ठेवले होते. पण पुढचा प्रश्न काय येणार ते माहीत आहे. तुम्हाला माहीत होतं का? आणि याला मी काय उत्तर देणार? गुढी उतरवली, श्रीखंड वाढलं. नवऱ्याला, संदीपला म्हटलं, पल्लवीला जरा कातडीच्या डॉक्टरकडे ने. म्हणाला, "क्रीमच तर आहे. तुझ्याच दुकानातली."

७ एप्रिल, शनिवार

शालू घ्यायला लक्ष्मी रोड. मी, पल्लवी, सासूबाई. दुपारचं ऊन. पल्लवीने सगळा चेहरा ओढणीने गुंडाळलेला, फक्त डोळे बाहेर. दुकानात ओढणी काढली तर शालू दाखवणारा माणूस बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "ताई, जरा डार्क रंग दाखवू का? हा तुमच्या चेहऱ्याला... नाही म्हणजे, बघा."

आरशासमोर ती बराच वेळ उभी. मग अगदी हळू, सासूबाईंना ऐकू जाऊ नये अशी, "वहिनी, खरं सांगा. हे काय झालंय?"

"घामोळं," म्हटलं मी.

घरी येताना माझ्या काउंटरवरून तिच्यासाठी घामाने न उतरणारा कॉम्पॅक्ट काढून ठेवला. मॉलमधल्यासारखाच, निम्म्यात. मी फार चांगली वहिनी आहे.

२१ एप्रिल, शनिवार

सकाळी ओवीला न्हाऊ घातलं. तोंड पुसताना गाल वेगळे दिसले. गुलाबी. चकचकीत. ओवीचा रंग मला पाठ आहे, सहा वर्षं रोज पुसते तो चेहरा.

"काय लावलंस?"

"सिक्रेट आहे."

"ओवी."

"आत्या लावते. झोपताना. लग्नात फोटो छान येतील म्हणून. मी पण गोरी होणार."

"कधीपासून?"

"गुढी होती ना, तेव्हापासून."

ओल्या अंगानेच तिला उचलून पल्लवीच्या खोलीत गेले. ती केस विंचरत होती. टेबलावर ट्यूब, शेपटीपासून दुमडत आणलेली. मी ती उचलून भिंतीवर फेकली.

पल्लवी घाबरली. "वहिनी, अहो काय झालं? थोडीशीच लावायचे, मुगाएवढी. मी तुम्हाला जे जे बोलले ते हिला कुणी बोलू नये म्हणून. शप्पथ, चांगल्यासाठी—"

"विष आहे ते!" मी ओरडले. "लहान पोरीच्या तोंडाला विष लावतेस?"

पल्लवीच्या हातातला कंगवा तसाच राहिला.

"विष?" ती म्हणाली. "मग मला कसं दिलंत?"

ओवी माझ्या कडेवर कुडकुडत होती. खाली अंगणात मांडववाले माप घेत होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. पल्लवी माझ्याकडे बघत राहिली. मी ओवीला पदरात गुंडाळत राहिले आणि पल्लवीला सगळं कळलं.

२३ एप्रिल, सोमवार

दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. घरी सांगितलं, ओवीला पुरळ आलंय.

ओवीचं लवकर लक्षात आलं, निवळेल म्हणाल्या. पल्लवीचा चेहरा भिंगातून बघितला. "किती ट्यूब झाल्या?" "पाच." बाईंनी पेन खाली ठेवलं. आता बंद करायची म्हणजे आधी भडकणार. सुजेल, पाणी सुटेल, मग हळूहळू. महिने लागतील, वर्षही लागेल. शिरा सगळ्या जातीलच असं नाही.

"माझं तेरा दिवसांनी लग्न आहे," पल्लवी म्हणाली.

"लग्न महत्त्वाचं की चेहरा?"

यावर पल्लवी हसली. बाईंना ते उद्धट वाटलं असणार.

"कुणी दिली ही?"

माझ्या हातातली केसपेपरची घडी ओली झाली होती. पल्लवीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मेडिकलमधून घेतली," म्हणाली.

२५ एप्रिल, बुधवार

ओवीचे गाल खरखरीत झालेत, आग होते म्हणून रडते. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावताना विचारलं, "आई, मी परत काळी होणार?"

"हो," म्हटलं.

खूप रडली. आगीने रडत होती त्याहून जास्त.

२७ एप्रिल, शुक्रवार

पल्लवी दुकानात आली. चार दिवस ट्यूब बंद होती. ओढणी वर केली. बघवेना. डोळ्यांखाली सूज, ओठांच्या कडेने पिवळट खपल्या.

"एक ट्यूब द्या."

"पल्लवी, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना? त्यांनी दिलंय ते लाव. हवं तर लग्न पुढे ढकलू, मी बोलते आईंशी—"

"काय बोलणार आईशी?" आवाज अगदी साधा, दुधाची पिशवी मागावी तसा. "मी बोलू का? दादाला पण सांगते. वहिनीने माझं तोंड जाळलं, ठरवून. मग बघू ओवीला घेऊन तुम्ही कुठे जाता ते."

काका आतल्या बाजूला पावत्या लावत होते. मी हळू आवाजात म्हटलं, "मी चुकले. आयुष्यभर..."

"आयुष्यभर मला नकोय. सहा मेपर्यंत पाहिजे."

दिली. या वेळी सगळं एका कागदावर लिहूनही दिलं. किती लावायची, कधी थांबायचं, थांबल्यावर काय होणार, कुणाकडे जायचं. तिने कागद वाचला, चुरगळला, माझ्या मुठीत दाबला.

"हे तेव्हा द्यायचं होतं, वहिनी."

७ मे, सोमवार

लग्न झालं. पल्लवी सुंदर दिसली. मेकअप मीच केला, दुसऱ्या कुणाला तिने चेहऱ्याला हात लावू दिला नाही. हिरवट कन्सीलर, त्यावर फाउंडेशनचे तीन थर. सगळं काउंटरवरचंच. एकदा ब्रश लागला तशी तिने "स्स" केलं. मी थांबले. "करा," म्हणाली.

मांजरीच्या विहीणबाई मिरवत होत्या. "म्हनलं नव्हतं, उजळंल म्हनून?"

पाठवणीच्या वेळी ती आईच्या गळ्यात पडून रडली, संदीपच्या पडली, ओवीला घट्ट धरलं. माझ्यापाशी आली. सगळे बघत होते म्हणून वाकून पाया पडली. उठताना कानाशी म्हणाली, "तुम्ही नसताना खणातल्या दोन मी नेल्यात. काकांना हिशेब तुम्ही द्या."

८ मे, मंगळवार

काकांना सांगितलं. ट्यूब कुणाला दिल्या, कशा दिल्या, सगळं. वाटलं काढून टाकतील. त्यांनी चष्मा पुसला. "घरातलं घरात ठेव. दुकानाचं नाव घेऊ नको कुठे." दुपारी एका बाईने तीच ट्यूब मागितली, काकांनी दिली.

मी तिच्यामागे फुटपाथवर गेले. म्हटलं, लावू नका, असं असं होतं. ती म्हणाली, "तुम्हाला कशाला पोटदुखी?"

१९ मे, शनिवार

पल्लवी माहेरपणाला आली. नवरा दारापर्यंत पोचवून गेला. स्वयंपाकघरात दोघीच होतो तेव्हा म्हणाली, तो उठायच्या आधी रोज उठते. अंधारात तोंड धुते, मेकअप करते, मग दिवा लावते. त्याने अजून तिचा चेहरा बघितलेला नाही.

"चांगला आहे तो," म्हणाली. "म्हणून जास्त भीती वाटते."

मग म्हणाली, तिथे एक जाऊ आहे, थोरली. सावळी. सगळे हसतात तिला. ती विचारत होती, कुठली क्रीम लावतेस म्हणून.

"काय सांगितलंस?"

पल्लवी भाजी ढवळत राहिली. वाफ तोंडावर आली तशी पटकन मागे झाली.

मी म्हटलं, उद्या सासरी गेलीस तरी सोमवारी चल दवाखान्यात. मी सुट्टी घेते, सकाळी दहाला विश्रांतवाडीच्या स्टॉपवर थांबते. तुझ्या नवऱ्याला मी सांगते खरं काय ते. माझ्या तोंडाने.

तिने गॅस बंद केला. माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. तिला काय दिसलं ते कळलं नाही.

"बघू," म्हणाली.

२१ मे, सोमवार

साडेनऊपासून स्टॉपवर बसले आहे. मांडीवर वही. दोन बस गेल्या. ओवीची शाळा अजून सुरू नाही, ती शेजारी बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येक ओढणीवालीकडे बोट दाखवतेय. "आत्या?"

नाही.

दहा वाजून दहा. समोरून एक रिक्षा येतेय, मागे कुणीतरी तोंड गुंडाळून बसलंय. वही मिटते.