एका खाटेवर दोन काळजं

सास्तूर मुक्कामी आमचे सन्माननीय व्याही शंभुलिंगप्पा यांना, धाराशिवच्या दवाखान्यातल्या खिडकीजवळच्या खाटेवरून कल्याणप्पाचा शरणु शरणार्थी. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? आमची शिवलीला तुम्हाला वेळेवर भाकरी वाढते ना? (नसेल वाढत तर तिला रागवा, पण मला सांगू नका.) माझी तब्येत उत्तम आहे, असं इथल्या यंत्राचं म्हणणं आहे. तुमची विचारत नाही, कारण काल तुम्ही डॉक्टरांना चुकवून ज्या घाईनं एसटी गाठलीत, ती पाहता तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तीनदा फोन केला. ‘दवाखाना’ हा शब्द आला की तुमच्या गावची रेंज जाते. म्हणून हे पत्र, शेवटपर्यंत वाचा.

आधी या यंत्राचं सांगतो, कारण काल त्यानं तुमची ओळख करून घेतली, पण तुम्ही त्याची करून घेतली नाहीत. चक्कर आली म्हणून मला इथं आणलं तेव्हा वाटलं, आता वायरींनी दावणीला बांधतात. तर वायर नावाला नाही! छातीवर बिस्किटाएवढी पट्टी चिकटवली, ती काळजाचे ठोके मोजते. बोटात एक चिमटा, तो नाडी बघतो, रक्तात ऑक्सिजन किती ते सांगतो आणि दोन्ही आकडे स्वतःच्या पाठीवरही दाखवतो. दोघांची बातमी हवेतून मोनिका सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर जाते. मी संडासला गेलो तरी माझं काळीज तिच्या टेबलावर हजर! पट्टी लावताना मात्र जरा वाद झाला. तिला जागा हवी होती नेमकी इष्टलिंगाची. ती म्हणाली, गळ्यातलं काढून ठेवा. मी म्हणालो, बाई, हे आमच्यात मेल्यावरही काढत नाहीत आणि मी तर अजून तुझ्या हिशेबी जिवंत आहे. शेवटी पट्टी दोन बोटं सरकली. आता दोघं शेजारी नांदतात. एकानं साठ वर्षं सगळं ऐकलं आणि पोटात ठेवलं, दुसरं आल्या दिवसापासून चुगल्या करतंय.

मग मला चाळाच लागला. श्वास कोंडून पाहिला, आकडा उतरला, सिस्टर धावत आली. चिमटा काढून उशीखाली ठेवला, पडदा ओरडला, सिस्टर पुन्हा धावत आली (आणि जे बोलली ते इथं लिहीत नाही). पूजेला बसलो तर ठोके इतके संथ झाले की ती तिसऱ्यांदा आली, पण हातावरचं लिंग पाहून दारातूनच परत गेली. सोयाबीनचा भाव ऐकला की काय होतं तेही पाहून झालं. आयुष्यभर मी बैलाचे दात पाहिले, शेपूट ओढली, चालवून बघितलं, पण त्याच्या आत काय चाललंय ते मला कधी दिसलं? हा चिमटा बैलाच्या कानाला लावला तर काही दिसेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले, पण ‘दिसेल की’ म्हणाले. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

तर काल तुम्ही आलात, मोसंबी आणलीत, माझी विचारपूस दोन वाक्यांत उरकलीत आणि आमच्या कोशा बैलावर आलात. (भेटायला मला आलात की त्याच्यासाठी, हे मी विचारलं नाही. व्याह्याला असलं विचारत नसतात.) तुमच्याकडं एकटा बैल, माझ्याकडं एकटा, जोडी जमण्यासारखी. पण व्याह्याव्याह्यांत उघड घासाघीस शोभत नाही आणि आजूबाजूच्या खाटांनी कान टवकारलेले. म्हणून तुम्ही खांद्यावरचा टॉवेल हातांवर टाकलात आणि बैलबाजारात करतात तशी आपण खालून एकमेकांची बोटं धरून भाव बोलायला लागलो, जितकी बोटं तितका भाव. माझ्या बोटातला चिमटा आडवा येत होता. “ह्ये टोपण काढा, बोटच कळंना गेलंय,” असं तुम्हीच म्हणालात. काढला तर पडदा बोंबलणार, म्हणून मी तो हळूच तुमच्या डाव्या हाताच्या बोटात सरकवला आणि स्वतःवरच खूश झालो.

आता तुमचा डावा हात खाटेवर, टॉवेलाबाहेर, आणि चिमट्यावरचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर. मी टॉवेलाखाली एक बोट वाढवलं की तुमची नाडी उडी मारते! म्हटलं, वा रे यंत्रा, माणूस तोंडानं हूं की चूं करत नाही, पण कोशावर किती जीव जडलाय ते तू सांगतोस. मी आणखी वाढवलं. नाडी आणखी पळाली. मग गंमत म्हणून कमी केलं, तरी ती पळतच होती, मध्येच अडखळत होती, पुन्हा सुटत होती. ऑक्सिजनचा आकडाही खाली होता, पण सौद्यात ऑक्सिजन कोण बघतो?

तेवढ्यात मोनिका सिस्टर पळत आली, मागून डॉक्टर. पडद्यावर माझी पट्टी एक सांगत होती आणि चिमटा दुसरंच. पट्टीवर काळीज शांत, चिमट्यावर उधळलेलं. “काका, तुमाला दोन काळजं हायती का काय?” असं म्हणत तिनं माझ्या तोंडावर मास्क दाबला. मी मास्कच्या आतून खुलासा करत होतो, पण ऐकतंय कोण! डॉक्टरांनी टॉवेल उचलला, तर माझी बोटं मोकळी आणि चिमटा तुमच्या बोटात. त्यांनी तुम्हाला बसा म्हटलं. तुम्ही चिमटा माझ्या मांडीवर ठेवलात, “मशीन यांचं हाय, बिघाड बी यांचाच आसंल,” म्हणालात आणि निघालात. दारातून वळून मला दम भरलात, पोरांजवळ ब्र काढायचा नाही.

तुम्ही गेल्यावर डॉक्टर म्हणाले, त्यांचे ठोके लयीत नाहीत, ऑक्सिजन कमी आहे, औषधपाण्यानं आवरता येईल पण थांबू नका, लगेच घेऊन या. शंभुलिंगप्पा, जिना चढून आलात तेव्हा तुम्ही अर्धं वाक्य बोलून थांबत होतात. मला वाटलं, भाव सांगायला कचरताय. पन्नास पावलांवरून बैलाचं लंगडणं ओळखणारा मी, समोर बसलेल्या व्याह्याचा दम मला ओळखता आला नाही. लाज वाटली आणि भीतीही वाटली. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

विहीणबाईंना नमस्कार, शिवलीलाला आशीर्वाद.

आपला,
कल्याणप्पा

ता. क. कोशाचा भाव मी तुमची नाडी चुकीची वाचून वाढवला होता. वाढवलेली सगळी बोटं मागं घेतो, तुम्ही म्हणाल तो भाव. पण जनावराची खोड लपवून सौदा करू नये, हा बाजाराचा दस्तूर. कोशाची सांगतो: पाणी पिताना कुणी जवळ आलं तर शिंग उगारतो. आता तुमची तुम्ही डॉक्टरांना सांगा.

आणखी एक. पोरांजवळ बोलायचं नाही असं ठरलं होतं, मी बोललेलो नाही. मला न्यायला जीप घेऊन आलेले जावईबापू सोमेशच हे पत्र घेऊन येताहेत. त्यांची समजूत अशी की यात बैलाचा भाव आहे. जीप सुरूच ठेवा, असं त्यांना सांगितलंय. तुम्ही जीपमध्ये बसला नाहीत तर तुमच्या हातून पत्र घेऊन मोठ्यानं वाचा, असंही त्यांना सांगितलंय.

शेवटचं. वर खाटेवरून लिहितो म्हटलं ते खोटं. मला सकाळीच सुट्टी मिळाली, पट्टी निघाली, चिमटाही निघाला. घरी गेलो नाही. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी दवाखान्याच्या दारातल्या बाकावर बसून येणारी प्रत्येक जीप बघत असेन. माझे ठोके आता कुणाला दिसत नाहीत तेच बरं, नाहीतर सिस्टर पुन्हा धावत आली असती. मला मुलगी एकच आहे, शंभुलिंगप्पा, त्यामुळं व्याहीही एकच. लवकर या.