कॅरिअरवरचं वजन

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपारचे सव्वादोन. सायकलची चेन रॉकेलमध्ये भिजत घातली आहे, ती भिजेपर्यंत हे पत्र.

तीर्थरूप आत्यास,

पेन खाली ठेवून, हात पुसून (काळे होते) केलेला नमस्कार पोचावा. तुझी दाढ कशी आहे? मी बरा आहे, म्हणजे अंगात ताप नाही. बाकीचं पुढे येईलच. काकांची सायकल मी रोज वापरतो की नुसती भिंतीला टेकवून ठेवली आहे, असं तू विचारलंस, कारण तुझ्या शेजारच्या माळ्याला ती विकत हवी आहे. सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर मला वेड लागलं असं तुला वाटेल. (क्रमाने सांगूनही वाटलं तर माझा इलाज नाही.)

काका गेल्यावर तू सायकल दिलीस तेव्हा उन्हाळा होता. इस्पितळाच्या लाँड्रीतली पाळी सातला सुरू होते आणि पहिली बस सातनंतर येते, ही त्या बसची जुनी खोड. आणखी एकदा उशीर झाला तर घरीच झोपा, असं मुकादम अगदी प्रेमाने म्हणाले होते. त्यामुळे सायकल म्हणजे माझी नोकरीच. उन्हाळा मजेत गेला, लख्ख उजेडात जायचो. पावसाळ्यात एका बुटाला प्लास्टिकची पिशवी बांधून गेलो; दुसऱ्यालाही बांधावी हे सुचेपर्यंत पावसाळा संपला. मग निघायच्या वेळी अंधार राहू लागला, आणि तिथून सुरू झालं.

बोळाच्या तोंडाशी दिव्याचा खांब आहे. तिथे पोचलं की मागे कॅरिअरची स्प्रिंग कुरकुरायची आणि सायकल जड व्हायची. मागचं चाक दबायचं. मला वाटलं, हवा गेली. पंक्चरवाल्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून फिरवली. एकही बुडबुडा आला नाही. चाकाला काही झालेलं नाही, तू जेवतोस का नीट, असं त्याने उलट मलाच विचारलं. मी दोन पोळ्या वाढवल्या. वजन तेवढंच राहिलं.

(मी भित्रा नाही. दिवसभर इस्पितळाच्या पांढऱ्या चादरींच्या घड्या घालतो. पांढरं काही हललं म्हणून घाबरायचं ठरवलं, तर पगारच घेता यायचा नाही.)

थंडी वाढली तसं ते वजन धीट झालं. पुलाचा चढ आला की माझ्या पाठीवर दोन बोटं हलकेच वाजायची, टक टक, आणि सायकल एकदम हलकी व्हायची. मी चढून वर जायचो. वर पोचल्यावर पुन्हा कुरकुर, पुन्हा वजन. एकदा मुद्दाम न थांबता पुढे गेलो, तर मागून घाईघाईने एक पाय ओढत चालल्याचा आवाज आला. तेव्हापासून पुलावर थांबतो. थांबलं की मलमाचा वास येतो, गुडघ्याला चोळतात त्या हिरव्या मलमाचा.

तो वास आल्यावर मला सगळं आठवलं. तू पुढे पॅडल मारते आहेस आणि गुडघा दुखतो म्हणून काका मागे, मांडीवर डबा घेऊन. चढ आला की तुझ्या पाठीवर दोन बोटं वाजवून उतरायचे. बायको ओढते आणि नवरा बसतो म्हणून गल्ली हसायची, आणि काका हसणाऱ्यांना मोठ्या साहेबासारखा हात करायचे.

गेल्या महिन्यात तर गेटवर रखवालदाराने मला अडवलं. मफलरमधून त्याचे नुसते डोळे दिसत होते.

"आत डबलसीट चालत नाही. त्यांना इथेच उतरव."

मी विचारलं, कोणाला? त्याने माझ्या मागे बघितलं आणि जरा बाजूला सरकला, कोणाला तरी वाट द्यावी तसा.

"हे काय, उतरले."

सायकल लावेपर्यंत मी इतक्यांदा मागे वळून बघितलं की हजेरीला उशीर झाला. मुकादमांनी चक्क माफ केलं. (माझा चेहरा घड्या घालायच्या ढिगातला वाटला असावा.)

तर आत्या, हे असं आहे. माळ्याला होकार कळव. मी बसच्या आधी उठून चालत जाईन.

तुझा भाचा

ता. क. माळ्याला अजून काही कळवू नकोस. वरचं मी आठवड्यापूर्वी लिहिलं असतं तर खरं होतं. आता रोज लवकर उजाडतं, आणि उजेड दिसला की काका उतरतात. सोमवारी पुलापर्यंत आले. गुरुवारी पुलाअलीकडच्या पेट्रोल पंपापर्यंत. काल खांबापासून दहा पावलांवरच टक टक झालं. सायकल इतकी हलकी झाली की मला पॅडल मारवेना. आणखी आठवड्याभरात खांबापाशीही उजेड असेल.

दुसरा ता. क. पाकीट आज रात्रीच्या बसच्या कंडक्टरकडे देतो; आत तुझं बसचं तिकीट आहे, मंगळवारचं. दाढेचं नंतर बघू. कॅरिअरला गादी बसवली आहे (निम्मे पैसे दिले, निम्मे पंक्चरवाल्याला द्यायचे आहेत). बुधवारी अंधारातच निघू. पुढे तू बस. मी तुमच्यामागून चालत येईन. उशीर झाला तर मुकादमांचं मी बघतो.